घरघंटीचे मॅन्युअल सोपे आहे का, हे तपासायचे कसे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. रबाळे एमआयडीसीत घरघंट्या बनवणाऱ्या एका कारखान्यात मॅन्युअलचे काम बघणाऱ्या तरुणाने विचारले आहे: "आमचे मराठी मॅन्युअल इंग्रजीवरून भाषांतर करून घेतलेले आहे. तरी सर्व्हिसचे फोन कमी होत नाहीत. साहेब म्हणतात, रीडेबिलिटी स्कोअर काढून द्या. तो कोणत्या सूत्राने काढू? चाचणी घ्यायची तर किती माणसे लागतील? ऑफिसातलीच घेतली तर चालतील का?"

मी वागळे इस्टेटमध्ये बसून यंत्रांची मॅन्युअल लिहिते आणि दुसऱ्यांनी लिहिलेली तपासते. हाच माझा व्यवसाय आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी स्कोअरबद्दल, म्हणजे मजकूर वाचायला किती सोपा हे सांगणाऱ्या आकड्याबद्दल, कारण साहेबांना तोच हवा आहे. वर्डमध्ये मिळणारा स्कोअर रुडॉल्फ फ्लेश यांच्या १९४८च्या सूत्रावर चालतो. एका वाक्यात सरासरी किती शब्द आणि एका शब्दात सरासरी किती सिलेबल (उच्चारातले तुकडे), एवढ्या दोनच गोष्टी तो मोजतो. पहिली सरासरी गुणिले १.०१५ आणि दुसरी गुणिले ८४.६, या दोन्ही २०६.८३५ मधून वजा करायच्या. उत्तर ६० ते ७० आले तर साधे इंग्रजी, ३०च्या खाली गेले तर फार अवघड. पुढे १९७५मध्ये किनकेड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या नौदलासाठी याच दोन गोष्टींवरून थेट इयत्ता सांगणारे सूत्र बसवले. दोन्ही सूत्रे इंग्रजी मजकुरावर बेतलेली आहेत.

आता हे मराठीला लावून बघा. "दरवाजा उघडण्यापूर्वी बटण बंद करा." पाच शब्द. सिलेबल मोजले तर दरवाजा ३, उघडण्यापूर्वी ५, बटण २, बंद १, करा २, एकूण १३. म्हणजे शब्दामागे २.६. सूत्रात आकडे घातले की उत्तर येते उणे १८.२. तिसरीतल्या मुलाला कळेल असे वाक्य या सूत्राच्या हिशेबाने कायद्याच्या पुस्तकापेक्षा अवघड ठरते. कारण उघड आहे. मराठीत विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला चिकटतात. इंग्रजीत तीन शब्दांत येणारी गोष्ट आपल्याकडे एका लांब शब्दात येते, आणि तो लांब शब्द आपल्याला अजिबात अवघड वाटत नाही. तेव्हा कुठल्या वेबसाइटवर मराठी मजकूर टाकून स्कोअर मिळाला तरी तो अहवालात घालू नका.

भारतीय भाषांसाठी वेगळी सूत्रे शोधण्याचे प्रयत्न झालेले आहेत. आयआयटी खरगपूरच्या संशोधकांनी २०१२मध्ये बंगाली आणि हिंदीसाठी मापे मांडली. त्यात शब्दाच्या लांबीबरोबर जोडाक्षरांचाही विचार होता. ही दिशा मराठीलाही जवळची आहे. सावकाश वाचणारा माणूस जोडाक्षरापाशी अडखळतो हे मी सतत बघते. पण ती मापेही उताऱ्यासाठी आहेत, मॅन्युअलसाठी नाहीत, आणि हा फरक मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. एक प्रयोग करा. जाळी (पीठ जाड की बारीक हे तिच्यावर ठरते) बदलण्याच्या कृतीतल्या ओळी उलटसुलट क्रमाने लावा, "प्लग काढा" सगळ्यात शेवटी टाका आणि कुठल्याही सूत्राने पुन्हा मोजा. स्कोअर तेवढाच येईल. त्या क्रमाने काम करणाऱ्या बाईचा हात मात्र चालू मशीनमध्ये जाईल.

तेव्हा साहेबांना सांगा की इंग्रजी आवृत्तीचा फ्लेश स्कोअर मी काढून देतो. फार खाली आला तर वाक्ये लांबली आहेत एवढे त्यावरून कळेल. मराठीसाठी मी वेगळा आकडा देईन: नवीन माणसाने मॅन्युअल हातात घेऊन, कोणालाही न विचारता, किती कामे बरोबर केली. आयएसओ ९२४१-११ या मानकात वापरसुलभतेची व्याख्या याच अंगाने केलेली आहे: ठरलेल्या माणसाला ठरलेल्या परिस्थितीत काम साधले का, त्यासाठी किती खटपट पडली आणि त्याचे समाधान झाले का. वापरसूचनांसाठी तर आयईसी/आयईईई ८२०७९-१ हे स्वतंत्र मानकच आहे, त्याची सध्याची आवृत्ती २०१९ची. निर्यातीचा विचार असेल तर ते विकत घ्यायला लावा.

माणसांना बोलवण्याआधी टेबलावर बसून करायचे काम आहे, आणि ते मशीन शेजारी ठेवूनच करायचे. मॅन्युअलमधली प्रत्येक ओळ वाचा आणि ती म्हणते तेवढेच करा, एक अक्षर जास्त नाही. आपल्याला मशीन माहीत असते म्हणून हात आपोआप मधली पायरी करून टाकतो; तो थांबवायचा.

हे करताना मराठीत दोन खुणा लाल पेनाने शोधत जा. पहिली म्हणजे ‘ऊन’. एका पायरीत "बंद करून, उघडून, काढून" असे तीन ‘ऊन’ दिसले की समजा चार कामे एका वाक्यात कोंबली आहेत. मराठीत मुख्य क्रियापद शेवटी येते. वाचणाऱ्याला तोपर्यंत सगळे डोक्यात धरून ठेवावे लागते, आणि इथे तर त्याचे दोन्ही हात पिठाने माखलेले असतात. विमान उद्योगाच्या नियंत्रित इंग्रजीत, म्हणजे ठरावीक शब्द आणि नियम पाळून लिहायच्या इंग्रजीत, सूचनेचे वाक्य जास्तीत जास्त २० शब्दांचे, असा नियम आहे. तो आकडा मराठीत जसाच्या तसा आणू नका. एका वाक्यात एकच कृती हा त्यांचा दुसरा नियम मात्र आपल्याला पुरेपूर लागू पडतो.

दुसरी खूण ‘करण्यात यावे’. "कापडी फिल्टर दर महिन्याला स्वच्छ करण्यात यावा." कोणी? एका चाचणीत नौपाड्यातल्या एका काकांनी हे वाक्य मोठ्याने वाचले आणि म्हणाले, "म्हणजे यांचा माणूस येणार दर महिन्याला." त्यांना वाक्य कळले होते. शब्द अवघड नव्हते. फिल्टर मात्र कधीच स्वच्छ झाला नसता. "कापडी फिल्टर महिन्यातून एकदा तुम्ही स्वतः झटका" असे लिहिल्यावर तो प्रश्नच मिटला.

तुमच्यासारख्या मॅन्युअलमध्ये साधारण कसा मजकूर असतो ते लिहिते:

"दळण पूर्ण झाल्यानंतर यंत्र बंद करून, दळणकक्षाचा दरवाजा उघडून, बसवलेली जाळी काढून आवश्यक क्रमांकाची जाळी बसवावी. जाळी बदलण्यापूर्वी विद्युतपुरवठा बंद असल्याची खात्री करण्यात यावी."

आणि मी तो कसा करेन तेही. तुमच्या मशीनप्रमाणे तपशील बदलतील.

"१. बटण बंद करा. प्लग सॉकेटमधून काढा.
२. आतला आवाज पूर्ण थांबेपर्यंत वाट बघा.
३. दरवाजा उघडा.
४. जाळी दोन्ही कडांना धरून सरळ बाहेर ओढा.
५. नवी जाळी आत सरकवा. जाळीवरचा आकडा तुमच्याकडे असला पाहिजे.
६. दरवाजा घट्ट लावा. मगच प्लग जोडा."

पहिल्या मजकुरात सुरक्षेची ओळ कामाच्या नंतर आलेली आहे. लोक पान आधी पूर्ण वाचून मग काम करतात हा समज सोडून द्या. लोक एक ओळ वाचतात, तेवढे करतात, पुन्हा पानाकडे बघतात. म्हणून प्रत्येक धोक्याची सूचना त्या कृतीच्या आधी, त्याच पानावर आहे का, हे एकेक करून तपासा. तपासणीतल्या बाकी कशात तडजोड केली तरी चालेल, यात नाही. मॅन्युअलच्या पहिल्या पानावर चाळीस सूचनांची यादी छापून जबाबदारी संपवण्याची पद्धत सर्रास दिसते. ती यादी कोणी वाचत नाही, आणि पाचव्या पायरीशी बोट कापणार असेल तर ती सूचना पाचव्या पायरीच्या वरच हवी.

याच बैठकीत सुट्या भागांची नावे बघून घ्या. चित्रात ‘पीठपात्र’, मजकुरात ‘डबा’ आणि वॉरंटी कार्डावर ‘कंटेनर’ असेल तर एक काहीतरी ठरवा. मी ‘डबा’ घेईन.

लांब गद्य भाग, म्हणजे वॉरंटीच्या अटी किंवा "कोणते धान्य दळावे", यांच्यासाठी क्लोझ चाचणी चांगली. विल्सन टेलर यांनी ती १९५३मध्ये मांडली. सुमारे अडीचशे शब्दांचा उतारा घ्या, दर पाचवा शब्द गाळा आणि वाचणाऱ्याला रिकाम्या जागा भरायला सांगा. साठ टक्क्यांच्या आसपास किंवा वर बरोबर भरल्या तर मजकूर त्याच्या आवाक्यात आहे, चाळीसच्या खाली गेल्या तर नाही, असा ढोबळ हिशेब धरतात. मराठीत मूळ शब्द बरोबर पण प्रत्यय वेगळा, अशी उत्तरे येतात. ती कशी मोजायची हे आधी ठरवून सगळ्यांना तोच नियम लावा. पायऱ्या-पायऱ्यांच्या सूचनांवर ही चाचणी वापरू नका, तिथे तिचा उपयोग नाही.

आता खरी चाचणी. ऑफिसातली माणसे चालणार नाहीत. तुमच्या अकाउंट्समधल्या मॅडमनी मशीन कधी उघडले नसेल, पण जाळीला जाळी म्हणतात आणि ती कुठे असते हे त्यांना कॅन्टीनमध्ये ऐकून माहीत झालेले असते. शिवाय साहेबांच्या मॅन्युअलला नावे कोण ठेवणार? माणसे बाहेरून आणा. घणसोली, कोपरखैरणे, कळवा, दिघा इथे घरगुती पिठे, भाजणी, पापड करणारे महिला बचत गट आहेत. घरघंटीचा भरपूर वापर करणाऱ्या त्याच. दुसरा गट म्हणजे सोसायट्यांमधली घरे. तिथे एक गोष्ट विचारायला विसरू नका: मशीन प्रत्यक्ष चालवते कोण? वाशी-नेरुळच्या किंवा घोडबंदर रोडच्या फ्लॅटमध्ये मशीन ताईंनी घेतलेले असते आणि दळण कामाला येणाऱ्या मावशी करतात. त्या मराठी सावकाश वाचत असतील, कदाचित वाचतही नसतील. त्यांना चाचणीत घेतले नाही तर तुम्ही अशा माणसाची परीक्षा घेताय, जो मशीनला हातही लावत नाही. त्यांच्यासाठी मजकूर झाकून फक्त चित्रांवर काम होते का ते बघा. चित्रे किती कच्ची आहेत हे दहा मिनिटांत समजते.

किती माणसे? पाच, असे उत्तर सगळीकडे मिळते. ते नीलसन आणि लँडाउअर या वापरसुलभतेच्या संशोधकांच्या १९९३च्या कामातून आले आहे. एका माणसाला सरासरी ३१ टक्के अडचणी सापडतात असे धरले, तर पाच जणांत मिळून सुमारे ८५ टक्के सापडतात. हिशेब बरोबर आहे, पण तो त्या ३१वर उभा आहे. एखादी अडचण दहातल्या एकालाच येणारी असेल, तर ती पाच जणांत दिसण्याची शक्यता फक्त ४१ टक्के. म्हणून मी प्रत्येक गटातले पाच घेते. बचत गटातल्या पाच, घरातल्या पाच, मावशी पाच. एकदम पंधरा जमत नसतील तर आधी एका गटाचे पाच करा, मजकूर दुरुस्त करा, मग पुढचे पाच. ही पद्धत मला एकाच फेरीत पंधरा जणांपेक्षा जास्त उपयोगी वाटते, कारण दुसऱ्या गटापर्यंत ढोबळ चुका निघून गेलेल्या असतात आणि बारीक दिसू लागतात. येणाऱ्यांच्या वेळेचे पैसे द्या आणि जाण्यायेण्याचे भाडे वेगळे द्या.

कामे तुमच्या सर्व्हिस रजिस्टरवरून निवडा. सहासात पुरेत. ती मॅन्युअलच्या भाषेत सांगायची नाहीत. "जाळी क्रमांक बदला" म्हटले की उत्तर सांगून झाले. "भाकरीसाठी पीठ जाड येतंय, बारीक हवंय" असे सांगा. आपल्या खाडीकाठच्या हवेत पावसाळ्यात धान्य सादळते, पीठ ओलसर होऊन जाळीला चिकटते आणि मशीन दळेनासे होते. जुलै-ऑगस्टमधले बरेच फोन याचेच निघतील. तेव्हा एक काम असे द्या: "दाणे तसेच राहताहेत, पीठ पडत नाही. काय कराल?"

आणि मग गप्प बसा. हे सगळ्यात कठीण आहे. सुरुवातीला एवढेच सांगायचे: "काकू, ही तुमची परीक्षा नाही, या पुस्तकाची आहे. जे वाचाल, जे मनात येईल ते बोलत राहा." त्या अडकतील आणि तुमच्याकडे बघतील. बोट दाखवू नका, मान हलवू नका. "आता काय करू?" विचारले तर "मी इथे नसते तर काय केलं असतं?" असे हळूच विचारा. काम धोक्याकडे चालले तरच थांबवा. त्यासाठी मशीनचा मुख्य स्विच तुमच्या हाताशी ठेवा, आणि हात आत घालण्याची कामे प्लग काढलेल्या मशीनवरच करून घ्या. प्लग काढायची पायरी त्यांनी केली की नाही, हे एका सुट्या, कशालाही न जोडलेल्या प्लगवर बघता येते. मोबाइलवर चित्रीकरण करायचे तर आधी विचारा आणि कॅमेरा हातांवर व पुस्तकावर ठेवा, चेहऱ्यावर नाही.

काय लिहून घ्यायचे? किती वेळ लागला ते लिहाच, पण त्याचे दोन भाग करा: योग्य पान सापडेपर्यंतचा वेळ आणि त्यानंतर काम होईपर्यंतचा. मॅन्युअल पहिल्या भागातच मार खातात, हा माझा अनुभव फार पक्का आहे. कोपरखैरण्यातल्या एका ताईंना मी जाड पिठाचेच काम दिले होते. अनुक्रमणिकेत ‘कार्यप्रणाली’, ‘देखभाल’, ‘दोषनिवारण’ असे मथळे होते. त्यांनी ‘दोषनिवारण’ उघडले. जाड पीठ त्यांच्या लेखी दोषच. तिथे मोटरचे आणि फ्यूजचे लिहिले होते. मग त्यांनी पुस्तक पुढून मागे चाळले, मग मागून पुढे. मधे गुजराती आणि हिंदी पाने लागली, तेव्हा आपण कुठे होतो हे हरवले. शेवटी पुस्तक बंद केले आणि म्हणाल्या, "माझ्या भाच्याला फोन लावते, त्याला येतं हे." जाळीचे पान नीट लिहिलेले होते, चित्रही स्वच्छ होते. त्या पानापर्यंत त्या पोहोचल्याच नाहीत. त्या मॅन्युअलचा प्रत्येक शब्द तासून सोपा केला असता तरी हा फोन गेलाच असता. मागच्या पानावर "पीठ जाड येते / पीठ पडत नाही / वास येतो / मशीन सुरूच होत नाही" अशी लोकांच्या तोंडची यादी आणि समोर पानाचा क्रमांक, एवढे केल्यावर पुढच्या गटाने ते काम सहज केले.

म्हणून चार भाषा एकाच पुस्तकात असतील तर आपली भाषा सापडणे हेही एक काम म्हणून मोजा. पानांच्या कडेला भाषेचे नाव रंगीत पट्टीत छापणे हा त्यावर स्वस्त उपाय आहे. पीडीएफ देत असाल तर ती फोनवर उघडून ‘जाळी’ शब्द शोधून बघा. डीटीपीवाल्याने युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये जुळणी केली असेल तर शोध काहीच दाखवणार नाही. अक्षराचा आकारही छापील प्रतीवरच तपासा, स्क्रीनवर नाही. इंग्रजीला चालणारा बारीक टाइप देवनागरीला दिला की अनुस्वार आणि रफार शाईत बुजतात. ओळींमधली जागाही आपल्याला जास्त लागते, कारण वर वेलांटी आणि खाली उकार असतो. स्वयंपाकघरातल्या ट्यूबलाइटखाली, चष्मा नसताना वाचून बघायला सांगा.

काम झाल्यावर मत विचारायचे की नाही? विचारा, पण त्यावर भिस्त ठेवू नका. एखादी गोष्ट वापरायला किती सोपी वाटली हे विचारणारी जॉन ब्रुक यांची दहा विधानांची एसयूएस (सिस्टिम युजेबिलिटी स्केल) प्रश्नावली प्रसिद्ध आहे. तिचा गुण शंभरपैकी निघतो आणि ६८ ही सरासरी धरतात. आपल्याकडे अडचण अशी की समोर बसलेल्या, चहा देणाऱ्या माणसाला वाईट सांगायचे नाही ही आपली रीत आहे. सहापैकी चार कामे न झालेल्या काकूही "छान लिहिलंय हो" म्हणतात. मी त्याऐवजी विचारते, "शेजारणीने हे मशीन घेतलं तर तिला कुठल्या ठिकाणी अडचण येईल?" शेजारणीच्या नावाने सगळे खरे बाहेर येते.

अहवाल दोन पानांचा करा. पाच माणसांवरून टक्केवारी काढू नका. "पाचपैकी दोघींनी विनामदत केले" असे लिहा. प्रत्येक अडचणीपुढे पान, ओळ आणि त्यांचे स्वतःचे शब्द द्या. इजा होऊ शकेल अशा चुका वर, मग काम अडवणाऱ्या, मग नुसता वेळ खाणाऱ्या. त्यासोबत साहेबांना एक दोन मिनिटांची फिल्म दाखवा, ज्यात एक बाई आपले पान शोधते आहे आणि ते सापडत नाही. स्कोअरचा विषय बहुतेक तिथेच बाजूला पडेल.

नवीन मॅन्युअल छापण्याआधी मात्र एक तयारी आजच करा. सर्व्हिसला फोन घेणाऱ्यांना सांगा की प्रत्येक फोनपुढे तीन गोष्टी लिहायच्या: काय विचारले, त्याचे उत्तर मॅन्युअलमध्ये होते का, आणि मशीनचा सीरियल नंबर. नंबरावरून कोणाकडे जुने मॅन्युअल आहे आणि कोणाकडे नवे हे कळेल. तुलना पावसाळ्याची पावसाळ्याशीच करा. जूनमध्ये नवे मॅन्युअल दिले आणि मार्चच्या फोनशी ताडून पाहिले, तर सादळलेल्या धान्याचे सगळे फोन नव्या मॅन्युअलच्या माथी बसतील.